हात बदलून

४ जानेवारी

उपकरणे विकणाऱ्या कंपनीने नव्या वर्षाची डायरी दिली. दरवर्षी देते आणि दरवर्षी मी ती प्रयोगशाळेतल्या मामांना देऊन टाकते. ते तिच्यात पेपरातली शब्दकोडी कापून चिकटवतात. या वर्षी ठेवून घेतली. जूनअखेर निवृत्त होणार, तेव्हा हाताला काहीतरी लिहायची सवय राहावी म्हणून. तीस वर्षे प्रयोगवहीत लिहिले, पण ते सगळे पेशींबद्दल. स्वतःबद्दल लिहायला बसले तर पहिली ओळ सुचायला चहा गार झाला.

तर आधी काम लिहिते, ते सोपे आहे. मेंदूतल्या आणि ग्रंथींतल्या काही पेशी पेप्टाइडे तयार करतात. पेप्टाइड म्हणजे एका पेशीने दुसरीला धाडायचा निरोप. हे निरोप पेशीच्या पोटात बारीक पिशव्यांत भरून तयार असतात आणि वेळ आली की पिशवी भिंतीला टेकते नि बाहेर रिकामी होते. वेळ आली हे पेशीला कोण सांगते, यावर माझा जन्म गेला. एक उत्तर सव्वीस वर्षांपूर्वी सापडले. एक द्रव्य आहे, ते पेशींवर ओतले की पिशव्या भराभर रिकाम्या होतात. त्याचे खरे नाव दीड ओळीचे आहे. आम्ही त्याला किल्ली म्हणतो.

आम्ही म्हणजे तेव्हा नवरा आणि मी. तो माझ्याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काम करायचा. किल्लीचा निबंध छापून आला आणि चार महिन्यांत त्याने प्रयोगशाळा सोडली, शाळेत विज्ञान शिकवायला गेला. मुलगी लहान होती, कोणीतरी वेळेवर घरी यायला हवे होते. शिवाय या धंद्याला लागते ती चिकाटी त्याच्यात नव्हतीच. दोष म्हणून लिहीत नाही, ज्याचा त्याचा पिंड.

९ जानेवारी

मुंगीचा प्रयोग परत फसला. मुंगी म्हणजे माझी शेवटची विद्यार्थिनी. अंगाने एवढीशी, दिवसभर न थांबता काहीतरी वाहत असते, म्हणून मनातल्या मनात मी तिला मुंगी म्हणते. दुसऱ्या प्रयोगशाळेतून इथे आली. किल्लीमुळे पिशव्या उघडतात त्या नेमक्या कशा, हा तिचा विषय. पण पुढचे बघायला आधी पिशव्या उघडायला हव्यात ना! अडीच वर्षे झाली, हिच्या हातून त्या उघडतच नाहीत.

आज मुद्दाम तिच्या मागे उभी राहिले. पेशींच्या डिशमधला जुना द्रव काढून घेतला, किल्लीचा द्रव घातला, दहा मिनिटे थांबली, मग त्यात किती पेप्टाइड उतरले ते मोजायला तो द्रव काढला. चूक अशी काही दिसली नाही. फक्त घालते इतके हळू की बघणाऱ्याला जांभई यावी. डिश कलती करते आणि कडेकडेने थेंब थेंब सोडते. कुठली कुठली सवय घेऊन येतात मुले.

"मॅडम, परत नाही आलं," असे म्हणून आकड्यांचा कागद पुढे केला. साध्या, म्हणजे बिनकिल्लीच्या, डिशमध्ये सहा, किल्लीच्या डिशमध्ये सात. निदान चाळीस यायला हवेत.

घरी जेवताना नवऱ्यापुढे कुरकुर केली. तो म्हणाला, "ओततं कोण?"

"म्हणजे? तीच. साध्या डिश मामा करतात, नेहमीसारखं."

"हं," म्हणाला आणि सूप वाढून घेतले. याला सव्वीस वर्षांनी अचानक ओतण्याची काळजी.

१७ जानेवारी

आठवडाभर बाकीच्या शक्यता खोडून काढल्या. पेप्टाइडे मोठी चिकट जात. नळीच्या प्लास्टिकलाच चिकटून बसतात आणि मोजायला गेलो की हाती काही लागत नाही. तर नळ्या बदलल्या. किल्लीची नवी बाटली मागवली. पेशी दुसऱ्या विभागातून आणल्या. सहा आणि सात, सात आणि सहा.

मुंगीची वही बघितली. एका पानावर तिने आकडा पेनाने घासून घासून काळा केला होता. मला राग आवरला नाही. "प्रयोगवहीत खोडायचं ते एका रेघेने. खालचं वाचता आलं पाहिजे. काय चुकलं ते दिसलंच नाही, तर पुढचा माणूस काय शिकणार?" ती म्हणाली, "सॉरी मॅडम, आकडा बघून मला माझाच राग आला होता." आता यावर काय बोलणार. पण नियम तो नियम.

आमच्याकडे आणखी एक नियम आहे, तो बाहेरच्यांना गमतीचा वाटतो. किल्लीच्या डिश ओतणारा हात वेगळा आणि साध्या डिश ओतणारा हात वेगळा. किल्ली एवढीशीही पुरते. एकाच माणसाने दोन्ही केले तर बोटावरून, बाहीवरून थेंब साध्या डिशमध्ये जाईल आणि सगळ्याचा विचका होईल, अशी आमची तेव्हाची धास्ती. म्हणून पहिल्या दिवसापासून किल्ली माझ्याकडे आणि साधे पाणी, म्हणजे औषध नसलेले खारट पाणी, नवऱ्याकडे. तो गेल्यावर ते काम मामांकडे आले. मामा प्रयोगशाळेचे मदतनीस. त्यांना नवऱ्यानेच शिकवले. माझे विद्यार्थी पुढे जिथे जिथे गेले तिथे हा नियम सोबत घेऊन गेले. मला त्याचा अभिमान आहे.

२८ जानेवारी

विभागप्रमुख येऊन बसले. माझाच जुना विद्यार्थी, आता पोट सुटलेय, पण माझ्यासमोर अजून खुर्चीच्या कडेवर बसतो. मुंगीची मुदत मार्चमध्ये संपते. समितीला माझा अहवाल वीस फेब्रुवारीपर्यंत हवा: मुदत वाढवायची की नाव कमी करायचे.

"मॅडम, माझ्या वेळी तर पहिल्या महिन्यात आकडे आले होते," असे म्हणून तो हसला.

खरेच आहे. याच्या हातून आले, याच्या आधीच्या दोघींच्या हातून आले. बाहेरच्या दोन प्रयोगशाळांनी आम्हाला जमत नाही म्हणून पत्रे लिहिली होती मध्यंतरी. त्यांच्या पेशी वेगळ्या असणार, मी तसे कळवलेही होते. पण इथे, माझ्या छताखाली, न जमणारी ही पहिलीच.

अहवालाचा मसुदा करून ठेवला. मेहनती, प्रामाणिक, वाचन चांगले. मात्र प्रत्यक्ष प्रयोगास आवश्यक असा हात नाही. लिहिताना वाईट वाटले. पण शस्त्रक्रियेला हात लागतो, शिवणकामाला लागतो, तसा इथेही लागतो. नसेल तर वेळेवर सांगावे.

२ फेब्रुवारी

आज मी स्वतः कोट चढवला! बारा वर्षांनी. वरचे बटण लागले नाही, बाकी ठीक. मसुद्यावर सही करण्याआधी एकदा स्वतः करून बघायचे ठरवले होते, म्हणून रविवार असूनही मामांना आणि मुंगीला बोलावून घेतले. मामांनी नेहमीप्रमाणे सहा साध्या डिश केल्या, मी सहा किल्लीच्या. हात विसरला नव्हता. पिपेटची नळी वीतभर उंच धरायची आणि एका दमात सोडायचे, म्हणजे सगळ्या पेशींना किल्ली एकाच क्षणी मिळते. मुंगी श्वास रोखून बघत होती.

३ फेब्रुवारी

आले! साध्यात सहा, किल्लीत त्रेचाळीस. सगळ्या सहा डिशमध्ये, एकही गळाली नाही. मी इतकी जोरात "मामा!" म्हणून ओरडले की ते पडले की काय वाटून पलीकडच्या खोलीतली दोघे धावत आली. मामा म्हणाले, "बाईंच्या हाताला गुणच आहे." विभागप्रमुखाने दारातून डोकावून टाळ्या वाजवल्या.

मुंगीही हसली, मनापासून. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही वरून ओतता."

"मग? सगळ्यांना एकदम मिळायला हवं."

"हो," म्हणाली. जरा वेळाने परत आली. "मॅडम, एकदा असं करू या का? बारा बाटल्या मी भरते, वर फक्त आकडे टाकते. कशात किल्ली आहे आणि कशात नाही, ते तुम्हाला माहीत नसेल. बाराही तुम्हीच ओता."

म्हटले, ओतते. आजच्या दिवशी तिने चंद्र मागितला असता तरी दिला असता.

घरी आल्या आल्या सांगितले. नवरा बटाटे सोलत होता. "साध्या कोणी केल्या?" म्हणाला.

"मामांनी. नेहमीसारखं. तू अभिनंदन वगैरे म्हणतोस की नाही?"

"अभिनंदन," म्हणाला आणि बटाटे सोलत राहिला. इतके सोलले की दोन दिवस पुरतील. हेवा वाटतो का याला अजून? या वयात?

६ फेब्रुवारी

बाराही डिशमध्ये चाळीसच्या वर. किल्ली असो नसो.

मुंगीने कागद माझ्यापुढे ठेवला. मीच बोलले. बाटल्या भरताना घोटाळा केलास, किल्लीची पिपेट साध्या पाण्यात बुडवलीस, आपल्याकडे दोन हातांचा नियम आहे तो उगाच नाही. ती म्हणाली, "मॅडम, मी आधी साध्या भरल्या होत्या. मग हातमोजे बदलून..." मी म्हटले, "मग हे आकडे कुठून आले?" तिने कागद उचलून वहीत ठेवला. मामा कपाटापाशी नळ्या पुसत होते. एकच नळी बराच वेळ.

९ फेब्रुवारी

रविवार. कोणी नसते म्हणून गेले. किल्लीची बाटली शीतकपाटातून काढलीच नाही. कपाटाला कुलूप लावून चाव्या घरी ठेवून गेले होते. नवी पाकिटे फोडली, नवे खारट पाणी बनवले. सहा डिश. नेहमीसारखे वरून, एका दमात. खोलीत त्या औषधाचा एक कणही नव्हता.

१० फेब्रुवारी

एकेचाळीस, चव्वेचाळीस, एकोणचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस, चाळीस.

किल्ली काहीच करत नाही. मी करते. वरून पडलेल्या पाण्याचा धक्का बसतो आणि पेशी पिशव्या रिकाम्या करतात. साध्या डिशना कधीच धक्का बसला नाही, कारण त्या माझ्या हाती कधी आल्याच नाहीत. मामा कडेने ओततात. मामांना नवऱ्याने शिकवले, तोही कडेने ओतायचा. आणि माझे विद्यार्थी माझ्यासारखे वरून ओततात. सव्वीस वर्षे आम्ही दोन औषधांची नाही, दोन हातांची तुलना करत होतो.

एवढेच लिहवते आज.

११ फेब्रुवारी

पहिली वही काढली. सर्वांत वरच्या खणात, निळ्या पुठ्ठ्याची. पाने पिवळी पडली आहेत, शाई जशीच्या तशी आहे. माझी अक्षरे डावीकडे, त्याची उजवीकडे.

शेवटून चौथ्या पानावर त्याच्या अक्षरात: "एकदा हात बदलून करावे. मी किल्ली, ती साध्या."

त्याखाली माझ्या अक्षरात: "गरज नाही."

मला हे लिहिल्याचे अजिबात आठवत नाही. आठवत नाही हेच जास्त लागले.

१२ फेब्रुवारी

वही घरी आणून त्याच्यापुढे ठेवली. वाचायचा चष्मा शोधायलाही तो उठला नाही. पान कुठले आहे हे त्याला माहीत होते.

"तुला कळलं होतं?"

"शंका आली होती. कळलं नव्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. लिहिलंसुद्धा."

"एकदा!"

"अगं, तुझा तेव्हाचा चेहरा... तू दोन रात्री झोपली नव्हतीस आनंदाने. मला वाटलं, समजा मी हात बदलला आणि ते गेलं तर? आणि समजा नाही गेलं, तर मी उगाच शंका घेतली असं होणार. दोन्हीकडून मीच वाईट."

"म्हणून निघून गेलास."

"ज्याच्यावर विश्वास बसत नाही त्या कामावर रोज कसं जायचं?"

मी म्हटले, मुलीसाठी म्हणून गेलास ना? तो म्हणाला, "तू सगळ्यांना तसं सांगायचीस. मीही तेच सांगायला लागलो."

मला इतका राग आला की वही उचलून टेबलावर आपटली. सव्वीस वर्षे हा माणूस माझ्यासमोर बसून जेवला. माझ्या प्रत्येक व्याख्यानाला पुढच्या रांगेत बसला. माझ्या साडीला मॅचिंग पेन शोधून द्यायचा. आणि मनात ही एक ओळ ठेवून होता. त्याला म्हटले, "तू मला मूर्ख होऊ दिलंस." तो म्हणाला, "हो." नुसते हो. वाद घातला असता तर बरे झाले असते.

१४ फेब्रुवारी

बोलणे बंद. तो चहा करून ठेवतो, मी पिते. कप विसळून ठेवते. एवढाच व्यवहार.

१५ फेब्रुवारी

स्वतःशी खरे लिहावे म्हणून ही डायरी ठेवली ना, तर लिहिते.

रविवारचा प्रयोग कोणालाही माहीत नाही. ते आकडे फक्त इथे आहेत. मुंगीला वाटते, बाटल्यांत तिच्याकडूनच काहीतरी झाले. मसुदा तयार आहे, नुसती सही करायची. ती जाईल. जून येईल, माझा निरोपसमारंभ होईल, किल्लीवर शेवटचे व्याख्यान होईल, लोक उभे राहून टाळ्या वाजवतील. पुढे कधीतरी कोणाला तरी कळेल, तेव्हा मी नातवंडांना बागेत फिरवत असेन. निबंधात खोटे काही नाही, आकडे जसे आले तसेच छापले. मी चोरी केली नाही. चूक केली, आणि चूक कोण करत नाही?

हे सगळे लिहून परत वाचले. यातले प्रत्येक वाक्य खरे आहे आणि तरी वाचताना लाज वाटली. कागदावर नसते तर वाटली नसती बहुतेक.

विभागप्रमुखाचाही प्रबंध किल्लीवर आहे. आधीच्या दोघींचाही. माझ्या एका हाताने किती जणांना कामाला लावले!

१७ फेब्रुवारी

मुंगी वही जमा करायला आली. कोणी काही सांगितले नव्हते, पण प्रयोगशाळेत भिंतींना कळते. म्हणाली, एका रोगनिदान केंद्रात नोकरीचे विचारलेय, नमुने घेण्याचे काम आहे. "तिथे हात लागत नाही, मॅडम, मशीनच करतं सगळं." हे तिने विनोद म्हणून सांगितले. मी मसुद्यात काय लिहिलेय ते तिला कुठून कळले? की न कळताच स्वतःबद्दल तसे वाटू लागलेय?

ती गेल्यावर वही उघडली. सहा फेब्रुवारीच्या पानावर सुबक तक्ता. बारा आकडे, प्रत्येकापुढे किल्ली की साधे. खाली ओळ: "साध्या डिशमध्येही प्रतिसाद. ओतण्याच्या उंचीमुळे?" त्या ओळीवर एक रेघ. एकच, सरळ, पट्टी लावून मारलेली. त्याखाली: "बाटल्या भरताना चूक. जबाबदारी माझी."

खालचे वाचता येत होते. मीच शिकवले होते ना तिला तसे.

दार लावून घेतले आणि रडले. मुंगीसाठी की स्वतःसाठी ते बघत बसले नाही. तिच्या खोडलेल्या ओळीच्या जागी मला निळ्या वहीतली माझी ओळ दिसत होती. मी तेव्हा त्याला दोन शब्दांत गप्प केले आणि आता हिला एका दुपारीत.

घरी गेले. नवरा खिडकीशी पेपर वाचत होता. पाच दिवसांत पहिल्यांदा बोलले.

"उद्या मोकळा आहेस?"

"काय काम आहे?"

"ओतायचंय."

त्याने पेपर खाली ठेवला. मग घडी केला. मग ती घडी परत केली. "कोट आहे का माझ्या मापाचा?" म्हणाला.

१८ फेब्रुवारी

मामांनी त्याला पाहिले आणि हातातली बरणी ठेवायला जागा सापडेना. "सर, तुम्ही!" असे तीनदा म्हणाले. त्याचे जुने टेबल आता मुंगीचे आहे. तिने पटकन पसारा आवरला आणि कोपऱ्यात उभी राहिली. तिला मी सगळ्यांसमोर सांगितले की सहा तारखेचे आकडे बरोबर होते, बाटल्या तिने नीट भरल्या होत्या, रविवारी मी एकटीने करून पाहिले आणि आठ दिवस गप्प बसले. मुंगी नुसती "अच्छा" म्हणाली. मग खुर्चीवर बसली.

मग हात बदलले. किल्लीच्या सहा डिश त्याने केल्या, कडेने, हळू. जिभेचे टोक बाहेर काढून करायचा तसाच करतो अजून. साध्या सहा मी केल्या, वरून. आमच्यात एक टेबल होते, पूर्वी होते तेवढेच. तो मध्येच म्हणाला, "तू पाणी ओतत नाहीस गं, ओतून टाकतेस." मामा हसले, मग मुंगी हसली, मग मीही.

दुपारी मुंगीने विचारले, मी आणखी करू का? काय, विचारले तर म्हणाली, उंची बदलून. एक बोट, दोन बोटं, चार, वीत. किल्लीशिवाय. मी म्हटले, "मला कशाला विचारतेस? टेबल तुझं आहे."

१९ फेब्रुवारी

त्याच्या किल्लीत सात. माझ्या साध्यात बेचाळीस.

सव्वीस वर्षांचा निकाल, दोन आकड्यांत. वाटले होते त्यापेक्षा कमी दुखले. दाढ काढल्यावर जीभ तिथे जात राहते तसे होतेय दिवसभर.

मुंगीचे आकडे: एक बोट उंचीवर आठ, दोनवर पंधरा, चारवर सव्वीस, वितीवर बेचाळीस. पायऱ्या चढत जावे तसे. पेशींना पडणाऱ्या पाण्याचा भार कळतो आणि त्या त्या मानाने पिशव्या सोडतात. हे कोणी असे मोजलेले माझ्या तरी वाचनात नाही. सव्वीस वर्षे ते माझ्या प्रयोगशाळेत घडत होते आणि मी एकदाही पाहिले नाही. तिने दोन दिवसांत पाहिले. मला तिचा हेवा वाटला, स्वच्छ आणि सणसणीत. लिहून ठेवते.

२० फेब्रुवारी

अहवाल दिला. नवा. मुदत एक वर्ष वाढवावी, विषय बदलावा, प्रयोगास लागणारा हात उत्तम आहे; इतका हलका की आमची चूक त्यामुळेच सापडली.

नियतकालिकाला पत्र लिहिले, निबंध मागे घेण्याबद्दल. कारण साध्या शब्दांत दिले: औषधाच्या आणि साध्या डिश वेगवेगळ्या व्यक्तींनी ओतल्या, पद्धत वेगळी होती, परिणाम ओतण्याचा होता. खाली दोघांच्या सह्या. त्याची सही बदललीय, शाळेचे दाखले सही करकरून आखूड झाली.

विभागप्रमुख धावत आला. या वेळी खुर्चीत पाठ टेकून बसला. "मॅडम, चार महिने राहिले होते. आणि माझं काय? माझा अख्खा प्रबंध..."

"तुझे आकडे खरे आहेत. अर्थ चुकलाय, तो मी शिकवला तसा लावलास. माझ्या पत्रात तुम्हा तिघांबद्दल तसं लिहिलंय."

"लोक हसतील."

"मलाच आधी."

शेवटी जाताना तो दारात थांबून म्हणाला, "त्या मुलीच्या मुदतवाढीवर मी आजच सही करतो." त्याला मी उगाच पोटावरून बोलत असते.

२४ फेब्रुवारी

जूनमधल्या व्याख्यानाचा विषय काय छापायचा, असे कार्यालयातून विचारायला आले. म्हटले, तोच ठेवा, किल्ली. मुंगीला निम्मा वेळ देणार आहे. ती नको नको म्हणतेय. म्हणू दे.

नवऱ्यावरचा राग गेला का? नाही, पूर्ण नाही. त्याचाही माझ्यावरचा गेला नसेल, फक्त तो कधी बाहेर दिसला नाही इतकेच. काल त्याला विचारले, परत कधी येशील का प्रयोगशाळेत? म्हणाला, मुंगीने बुधवारी बोलावलेय, कडेने ओतायला माणूस हवाय. मला न विचारता!

निळी वही परत खणात ठेवायची होती. त्याआधी जेवणाच्या टेबलावर उघडली. तो समोर बसला होता. "गरज नाही" यावर एक रेघ मारली. खाली लिहिले, "केले." पुढे तारीख. वही त्याच्याकडे फिरवली. या वेळी त्याने उठून चष्मा आणला.

"खालचं वाचता येतंय," म्हणाला.

"यायलाच हवं," मी म्हटले.